गच्ची, अंगण आणि हिरवळ : 16 महिन्यांनंतरचा हिशेब

कोथरूडमधील आमचे घर वडिलांनी 1987 साली बांधले. एप्रिल-मे 2024 मध्ये गच्ची, बाजूचे अंगण आणि पुढची बाग या तिन्ही कामांवर मिळून आम्ही 3,40,000 रुपये खर्च केले. आता एक पूर्ण उन्हाळा आणि जवळजवळ दोन पावसाळे गेले आहेत, त्यामुळे कोणता खर्च सार्थकी लागला हे अनुभवाने सांगता येते.

सर्वांत मोठा खर्च, 1,75,000 रुपये, 900 चौरस फुटांच्या गच्चीवर झाला. जुना कोबा (स्लॅबवरचा पाणी अडवणारा थर) तसाच ठेवून त्यावर नवा थर देण्याचा स्वस्त पर्याय दोघांनी सुचवला होता. आम्ही तो नाकारला, कारण त्याने स्लॅबवरचे वजन वाढते आणि दोन थरांमध्ये अडकलेले पाणी खाली झिरपतच राहते. जुना कोबा पूर्ण काढून, विटांच्या तुकड्यांचा नवा कोबा ढाळ धरून घातला, कठड्याच्या कडेने वाटा (गच्ची आणि कठडा यांच्या सांध्यावरची गोलाई) करून घेतला आणि वर पांढरा चायना मोझॅक (चिनी मातीच्या फरशीचे तुकडे) बसवला. काम संपल्यावर पन्हळींची तोंडे बंद करून तीन दिवस पाणी साठवून ठेवले. ही परीक्षा झाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. 25 जुलै 2024 च्या ज्या पावसात सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले, त्या पहाटे मी विजेरी घेऊन आईच्या खोलीचे छत पाहिले. ज्या कोपऱ्याला दर पावसाळ्यात लोणा लागून गिलावा सुटत असे, तो कोरडा होता. 12 वर्षांत प्रथमच आईचा पलंग भिंतीपासून ओढावा लागला नाही, याचे मोल मला रुपयांत मांडता येत नाही. पांढऱ्या पृष्ठभागाचा लाभ उन्हाळ्यातही झाला. वरच्या खोलीचे छत पूर्वी रात्री दहानंतरही हाताला गरम लागत असे. एप्रिल 2025 मध्ये तसे झाले नाही.

गच्चीचे पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून विंधन विहिरीत सोडण्यास 28,000 रुपये लागले. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते, त्यामुळे सुमारे 84 चौरस मीटरच्या गच्चीवर 700 मिलिमीटर पावसात 58,000 लिटरच्या आसपास पाणी पडते, आणि वाया जाणारे वगळले तरी पुष्कळ उरते. एप्रिल 2025 मध्ये विहिरीचे पाणी संपेपर्यंत मोटर पूर्वीच्या 20 मिनिटांऐवजी 35 मिनिटे चालली. मात्र 2024 चा पाऊसच मुळात चांगला होता, त्यामुळे सगळे श्रेय गाळणीला देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

अंगणातील पेव्हर ब्लॉकविषयी थोडक्यात सांगतो. 70,000 रुपयांचे हे काम गाडीची चाके येतात तेथे पहिल्याच पावसाळ्यात दबले, कारण कंत्राटदाराने खालच्या मुरुमावर नीट धुम्मस (ठोकून घट्ट बसवणे) केलेच नव्हते. तेवढा पट्टा उचलून पुन्हा बसवावा लागला.

हिरवळीने मात्र निराशा केली. बागेच्या 67,000 रुपयांपैकी 42,000 रुपये 600 चौरस फूट हिरवळीवर गेले. आमच्याकडची जमीन काळ्या चिकण मातीची आहे. तिच्यावर चार इंच लाल माती पसरून गवत लावले, तेव्हा पावसाचे पाणी दोन थरांच्या सीमेवर थांबू लागले आणि मुळे कुजली. आणलेल्या मातीबरोबर लव्हाळाही आला. तो उपटला तरी जमिनीतल्या गाठींतून पुन्हा फुटतो, आणि पत्नीने व मी कित्येक रविवार त्यात घालवले. आंब्याच्या सावलीत गवत धरलेच नाही. उन्हाळ्यात रोज सुमारे 280 लिटर पाणी द्यावे लागले, म्हणजे दहा हजार लिटरचा एक टँकर पाच आठवड्यांत केवळ गवताने संपवला. शेजारी नळाला दिवसाआड पाणी येत असताना असे पाणी ओतणे मनाला पटले नाही. उरलेल्या 25,000 रुपयांतील पारिजातक, तगर, कढीपत्ता आणि पन्हळीच्या ओलीत लावलेला सोनटक्का उत्तम वाढले आहेत. पश्चिमेच्या भिंतीलगतचा बकुळ अजून खांद्याएवढाच आहे. त्याच्या सावलीविषयी आज बोलणे घाईचे ठरेल.

या खर्चाने घराची किंमत वाढली का, असे अनेक जण विचारतात. गेल्या महिन्यात दोन एजंटांनी घर पाहिले. बागेचे दोघांनीही कौतुक केले, पण दर सांगताना भूखंडाचे आणि बांधकामाचे क्षेत्रफळच धरले. ओल नसल्यामुळे दुरुस्तीची वजावट मात्र त्यांनी मागितली नाही. पुढे घर विकल्यास सुधारणेचा भांडवली खर्च करपात्र नफा मोजताना वजा होतो, नेहमीची देखभाल होत नाही. म्हणून प्रत्येक काम स्पष्ट लिहिलेली बिले आम्ही जपून ठेवली आहेत.

दसऱ्यानंतर सावलीतली हिरवळ काढून तेथे शहाबादी फरशा मोकळ्या सांध्यांनी बसवणार आहोत. उन्हातला 150 चौरस फुटांचा तुकडा तेवढा राहील, कारण नातीला त्यावर अनवाणी चालायला आवडते.