बडोद्यात बंगल्यामागे स्विमिंग पूल : फ्रेमवाला घेतला त्याचा रिव्ह्यू, आणि एफआरपी का नाही घेतला ते

आमचं घर वासणा-भायली बाजूला, मागे साधारण ३० बाय १८ फुटांची मोकळी जागा, आणि मुलांचा दर उन्हाळ्यात एकच हट्ट, पूल पाहिजे. शेवटी घेतला. घेण्याआधी वेगवेगळ्या प्रकारचे पूल बनवणाऱ्यांना घरी बोलावून जागा दाखवली होती, त्यामुळे हा रिव्ह्यू नुसता पूलचा नाही, साइट बघायला आलेल्या लोकांच्या कामाचाही आहे. माझं मत आधीच सांगून टाकते, बडोद्यात कुठला पूल घ्यायचा ते कॅटलॉग बघून ठरत नाही, तुमच्या जमिनीत काय आहे आणि जुलै-ऑगस्टमध्ये जमिनीखालचं पाणी कुठपर्यंत वर येतं त्यावर ठरतं. जो माणूस हे दोन प्रश्न विचारत नाही त्याला ऑर्डर देऊ नका, भाव कितीही चांगला देत असला तरी.

प्रकार मुळात चार. आरसीसीचा, म्हणजे खड्डा खणून सळई बांधून काँक्रीट ओतायचं आणि आतून टाइल्स. एफआरपीचा, म्हणजे फायबरग्लासचं तयार शेल फॅक्टरीतून आणून खड्ड्यात बसवायचं. लायनरचा, म्हणजे स्टीलच्या पॅनेलच्या भिंती आणि आतून जाड विनाइल शीट. आणि चौथा जमिनीवर उभा राहणारा फ्रेमचा, इंटेक्स, बेस्टवे वगैरे ऑनलाइन दिसतात ते, लोखंडी पाइपची चौकट आणि त्यात पीव्हीसीचं जाड कापड. आम्ही हा चौथा घेतला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला जे चांगलं-वाईट सांगायचंय ते या सगळ्याच फ्रेम पूलना लागू आहे.

पहिला जो आला तो एफआरपीवाला. टॅबलेटवर फोटो दाखवले, निळंशार पाणी, लाइट्स, बाजूला लाकडी डेक, मुलं तर तिथेच फिदा. तीन-चार दिवसांत बसवून देतो म्हणाला. मी विचारलं की खाली काळी माती आहे चालेल का, तर म्हणे मॅडम सगळीकडे बसवतो आम्ही, काही होत नाही. पावसाळ्यात आमच्या गल्लीत पाणी भरतं हे सांगितल्यावरही त्याने एक प्रश्न विचारला नाही. सर्व्हिस म्हणून विचाराल तर माझ्याकडून याला शून्य मार्क, कारण माणूस गोड बोलत होता पण ज्या गोष्टीवर सगळं अवलंबून आहे तीच त्याने बघितली नाही.

दुसरे आले ते वयस्कर काँट्रॅक्टर, आरसीसीचं काम करतात, मिस्टरांच्या ओळखीतले. आले आणि बसलेसुद्धा नाहीत, सरळ मागे गेले आणि म्हणाले, "पहेलां माटी जोईए, बहेन", म्हणजे आधी माती बघू. बरोबरच्या कडियाकडून (गवंड्याकडून) कोपऱ्यात कमरेएवढा खड्डा खणवला, मातीचा गोळा ओला करून मुठीत दाबून बघितला, शेजारच्यांच्या बोअरला पावसाळ्यात पाणी किती वर येतं विचारलं, २०२४ च्या ऑगस्टमध्ये कंपाउंडला पाणी कुठपर्यंत लागलं होतं त्याची खूण दाखवायला सांगितली. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, त्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीची धोक्याची पातळी २६ फूट असताना नदी ३५ फुटांच्या वर गेली होती आणि अर्धं शहर पाण्यात होतं.) मग त्यांनी जे समजावलं ते कुठल्याही ब्रोशरमध्ये मला मिळालं नसतं.

काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात सुकली की आक्रसते, मे महिन्यात आपल्या शेतात भेगा पडतात बघा त्या याच कारणाने. म्हणजे खड्ड्यातल्या पूलच्या भिंतीला दर वर्षी बाहेरून एकदा ढकललं जातं आणि एकदा आधार सुटतो. त्यामुळे चांगलं काम करणारा माणूस काळी माती पूर्ण काढतो आणि पूलच्या चारी बाजूंनी आणि खाली मुरूम भरून थराथराने धुमस करतो. हा खर्च कोटेशनमध्ये वेगळा लिहिलेला नसेल तर तो होणारच नाहीये असं समजा.

आणि दुसरं जमिनीतलं पाणी. २० बाय १० फुटांचा पूल रिकामा असताना जमिनीखालचं पाणी त्याच्या तळापासून फक्त एक फूट वर चढलं तरी त्याला वर ढकलणारा जोर साडेपाच टनांच्या वर जातो. फायबरचं शेल स्वतः टनभरही नसतं. रिकामी परात पाण्यावर तरंगते तसं ते जमिनीतून वर येतं. सिंधरोटकडे आमच्या ओळखीच्यांच्या फार्महाउसवर हेच झालं, ऐन पावसाळ्यात साफसफाईसाठी पूल रिकामा केला आणि शेल एका बाजूने उचललं गेलं, पाइपलाइन तुटली, आजूबाजूची फरशी उखडली. आरसीसी जड असतो म्हणून लवकर उचलला जात नाही, पण त्यालाही तडे जाऊ शकतात. म्हणून तळात हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व पाहिजे, बाहेरचं पाणी जास्त झालं की तो उघडतो आणि ते पाणी पूलमध्ये येऊ देतो, दाब निघून जातो. खाली खडीचा थर आणि बाजूला एक उभा पाइप, ज्यात बघून कळतं की पाणी कुठे आहे आणि मोटर लावून उपसताही येतं. त्या एफआरपीवाल्याला नंतर फोन करून व्हॉल्वबद्दल विचारलं तर म्हणाला, तो ऑप्शनल आहे. ऑप्शनल!

एफआरपी वाईट आहे असं मी म्हणत नाही. उंचावरची जमीन असेल, मुरमाड असेल, पाणी खोल असेल तर तो सगळ्यात सोयीचा, आतून गुळगुळीत, शेवाळ कमी धरतं, टाइल्सच्या फटी घासत बसायला नको. फक्त शेल अखंड येतं, ट्रेलर आणि क्रेन तुमच्या गल्लीत वळणार का ते आधी बघा. आमच्या गल्लीत तर वायरीच इतक्या खाली आहेत की क्रेनचा प्रश्नच नव्हता. लायनरवाल्याबद्दल थोडक्यात सांगते, शीट साधारण ७ ते १० वर्षांत बदलावी लागते आणि मागून पाणी आलं की शीट फुगते, म्हणजे आमच्या जागेला तोही बाद. आरसीसी तेच काका छान करून देतील याची मला खात्री आहे, पण त्यांनीच सांगितलं की बहेन, मुलं मोठी होऊन हॉस्टेलला जातील, मग दर महिन्याला पंप, केमिकल, साफसफाई कोणासाठी कराल, आधी एक-दोन सीझन फ्रेमवाला वापरून बघा. स्वतःचं लाखोंचं काम सोडून असा सल्ला देणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटला. आमच्या ओळखीत ज्यांना पक्का पूल करायचाय त्यांना मी त्यांचाच नंबर देते.

आता आमच्या पूलबद्दल. साडेचार बाय सव्वादोन मीटरच्या आसपासचा चौकोनी, उंची ८४ सेंटिमीटर, पाणी बसतं ७,००० लिटरच्या थोडं वर. जोडायला दोन मोठी माणसं पुरतात, हत्यार लागत नाही, पाइप एकमेकांत अडकवून पिना लावायच्या. पण जमीन तयार करायला जो वेळ लागतो त्यात घाई करू नका, खरं काम तेच आहे. ७,००० लिटर म्हणजे ७ टन, आणि ते सगळं थोड्याशा जागेवर. आम्ही वरची माती काढून मुरूम टाकून धुमस केला, वर रेतीचा थर आणि पेव्हर ब्लॉक, मग जाड फोमशीट. लेव्हल पाइपने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासली. जमीन एका बाजूला उतरती राहिली तर सगळं पाणी त्या भिंतीवर जोर करतं, पाय वाकतो आणि मग कापड फाटतं, आणि ७ टन पाणी एकदम सुटलं तर जवळ उभं असलेलं मूल वाहून भिंतीवर आपटेल.

ज्यांना अंगण नाही आणि टेरेसवर ठेवायचा विचार आहे त्यांना हात जोडून सांगते, करू नका. पाऊण मीटर पाणी म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर ७५० किलो, आणि आपल्या घरांचे मजले साधारण २०० किलो प्रति चौरस मीटर वापराचं वजन धरून डिझाइन होतात, गच्ची त्याहूनही कमी. लहान मुलांचा फुगवायचा घोट्याएवढ्या पाण्याचा वेगळा, पण हे फ्रेमवाले स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी दिल्याशिवाय वर चढवूच नका.

सेटबरोबर जो पंप येतो तो मला कमी पडला. ताशी १,२०० लिटरच्या आसपास फिरवतो, म्हणजे सगळं पाणी एकदा गाळायला सहा तास, आणि आमच्याकडे कडुलिंब असल्यामुळे एप्रिलमध्ये फुलांचा इतका सडा पडतो की पंपातली कार्ट्रिज, म्हणजे गाळणी, सारखी धुवावी लागते. दुसऱ्या महिन्यात आम्ही छोटा सँड फिल्टर वेगळा घेतला आणि तेव्हापासून पाणी तळापर्यंत स्वच्छ दिसतं. बजेट करताना पूलच्या किमतीत हा फिल्टर, वरचं कव्हर आणि सावलीची ग्रीन नेट धरूनच चाला. नेट नसेल तर बडोद्याच्या मेमध्ये दुपारी पाणी कोमट होतं, कोणाला उतरावंसं वाटत नाही, आणि उन्हाने क्लोरीनही उडून जातं.

पाणी बोअरचंच भरलं, उन्हाळ्यात लोक कळशी घेऊन टँकरपाशी उभे असताना पिण्याचं पाणी पूलमध्ये ओतणं मला पटत नाही. पण बोअरचं पाणी जड असतं, क्षार कडेला पांढरे धरतात, आणि पाण्यात लोह असेल तर क्लोरीन टाकल्या टाकल्या पाणी तपकिरी दिसायला लागतं, घाबरू नका, फिल्टर चालू ठेवला की एक-दोन दिवसांत बसतं. टेस्ट किट घ्याच, पीएच ७.२ ते ७.६ आणि क्लोरीन १ ते ३ पीपीएम, रोज संध्याकाळी दोन मिनिटांचं काम आहे. क्लोरीनची गोळी सरळ तळात टाकू नका, कापडाचा रंग जाऊन ते कमजोर होतं, तरंगणाऱ्या डबीत ठेवा. आणि ब्लीचिंग पावडर आणि त्या गोळ्या कधीही एकत्र करू नका, एकाच डब्यात नाही, एकाच चमच्यानेही नाही, आग लागू शकते, विषारी वायू निघतो. दुकानदार हे सांगत नाहीत म्हणून मी सांगतेय.

मुलांच्या बाबतीत मी खूप कडक आहे. ८४ सेंटिमीटर ऐकायला कमी वाटतं पण चार वर्षांच्या मुलाच्या ते हनुवटीपर्यंत किंवा वर जातं, आणि मूल बुडतं तेव्हा ओरडत नाही, हात मारत नाही, गप्प खाली जातं. आमच्याकडे नियम असा की वापर संपला की शिडी घरात, आणि कोणीतरी मोठं माणूस मोबाइल बाजूला ठेवून पूलपाशी बसणार, ते नसेल तर पूल बंद. बाजूला खुर्ची, स्टूल, कुंडी काही ठेवायचं नाही ज्यावर चढता येईल. पंपाच्या लाइनला ३० मिलिअँपचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच लाइन तोडणारा स्विच, इलेक्ट्रिशियनकडून लावून घेतला, हा खर्च अजिबात वाचवू नका.

एक गोष्ट मात्र या पूलने झाली नाही. सासूबाईंना गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलंय, माझ्या मनात होतं की त्यांचंही होईल. पण ती ए आकाराची शिडी त्यांच्याच्याने चढवत नाही, पावलं अरुंद आहेत आणि वरून आत वळताना हात धरायला काही नाही. पक्क्या पायऱ्या बांधल्या तर त्याच पायऱ्यांनी छोटी मुलंही चढणार. म्हणून घरात कोणा वयस्कर माणसासाठी पूल करायचा असेल तर फ्रेमवाला घेऊ नका, जमिनीतलाच आरसीसीचा, रुंद पायऱ्या आणि स्टीलचं रेलिंग असलेला करा, खर्च जास्त झाला तरी. आईंना आम्ही सध्या गाडीने दुसरीकडच्या पूलवर नेतो.

फ्रेमवाल्याचा मोठा फायदा जूनमध्ये कळतो. पहिला जोरदार पाऊस यायच्या आत रिकामा करायचा, कापड धुऊन दोन्ही बाजूंनी उन्हात कडकडीत वाळवायचं, टाल्कम पावडर शिंपडून घडी करून माळ्यावर. ओलं ठेवलं तर बुरशी धरते आणि घड्यांवर चिकटतं. पावसाळाभर उभा ठेवून नुसतं कव्हर घातलं तर कव्हरच्या खळग्यात स्वच्छ पाणी साचतं आणि डेंग्यूच्या डासाला तेच आवडतं. ज्यांचे जमिनीतले पूल नदीच्या बाजूला आहेत, समा किंवा अकोटाकडे, त्यांना आणखी एक काळजी आहे, पूर आला की विश्वामित्रीतल्या मगरी सोसायट्यांमध्ये शिरतात हे आपण सगळ्यांनी पाहिलंय, पाणी ओसरल्यावर गढूळ पूलमध्ये कोणी हात घालू नये, आधी वनखात्याला फोन करावा.

रिकामा करताना सगळं पाणी गटारात सोडायची गरज नाही. क्लोरीन टाकणं थांबवा, चार-पाच दिवस उन्हात उघडं राहू द्या, टेस्ट किटमध्ये क्लोरीन शून्य दिसलं की पाइप लावून झाडांना द्या. आमच्या आंब्याला आणि चिकूला तेच दिलं. गोळ्या नेहमी वापरत असाल तर मात्र त्यातलं स्टॅबिलायझर (क्लोरीन उन्हात लवकर उडू नये म्हणून घातलेलं रसायन) पाण्यात साठत जातं आणि ते उन्हाने उडत नाही, म्हणून कुंड्यांना आणि भाजीच्या वाफ्याला ते पाणी घालू नका, मोठ्या झाडांनाच घाला.