मांडू–महेश्वर–ओंकारेश्वर सायकलने: आयोजकाची टूर की आपलाच सहा जणांचा गट?

थंडी पडायला लागली की इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या आमच्या पहाटेच्या सायकलवाल्यांत हा प्रश्न हमखास निघतो. इंदूर–मांडू–महेश्वर–ओंकारेश्वर–इंदूर अशी चार दिवसांची फेरी करायची आहे. पैसे भरून एखाद्या आयोजकाकडे नाव द्यावं, की ओळखीच्या पाच-सहा जणांनी मिळून निघावं? मी ही फेरी दोन्ही तऱ्हांनी केली आहे. एका डिसेंबरात चाळीस जणांबरोबर, आणि पुढच्या वर्षी जानेवारीत सहा जणांत. रस्ता तोच होता, म्हणून दोन्हीतला फरक मला नेमका दिसला.

आधी रस्ता समजून घ्या, निम्मा निर्णय तिथेच होतो. पहिल्या दिवशी बेटमा, घाटाबिल्लोद, धार करत मांडू, शंभर किलोमीटरला थोडे कमी. लेबडपर्यंत पीथमपूरच्या ट्रकांची वर्दळ असते, त्यामुळे तिथे गप्पा मारत दोन-दोनच्या ओळीत चालवणं बंद. दुसऱ्या दिवशी मांडूहून धामनोदमार्गे महेश्वर, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, त्यातला मोठा भाग उतार. तिसऱ्या दिवशी मंडलेश्वर, बडवाह, मग मोरटक्क्याला नर्मदा ओलांडून ओंकारेश्वर, पासष्टच्या आसपास. चौथ्या दिवशी भेरूघाट चढून इंदूर, ऐंशीच्या आतबाहेर. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे आणि महेश्वर दीडशेच्या आसपास. म्हणजे दुसऱ्या दिवशी जेवढं उतरलात, तेवढं चौथ्या दिवशी दमलेल्या पायांनी चढून फेडायचं आहे. त्यात डिसेंबर-जानेवारीत सहाच्या सुमारास अंधार पडतो.

मागे राहणाऱ्याचं काय होतं

माझ्या मते टूर निवडताना सगळ्यात आधी हे बघावं. किती दिवस, किती किलोमीटर, टी-शर्ट मिळतो की नाही, हे सगळं त्यानंतर.

चाळीस जणांच्या टूरमध्ये सपाटीवर फार मजा येते. आठ-दहा जणांची रांग लागते, समोरच्याच्या चाकामागे राहिलं की वारा तो झेलतो आणि आपला बराच जोर वाचतो. धारपर्यंत मी एरवी कधी चालवली नाही इतक्या वेगाने चालवली. पण हा फायदा वेग असेल तेव्हाच. घाटात सायकल ताशी सात-आठ किलोमीटरवर आली की वाऱ्याचा प्रश्नच उरत नाही, मग कोणी कोणाच्या मागे राहून काही वाचत नाही. ज्याच्या अंगात जेवढा दम, तेवढा तो पुढे. सकाळी एकत्र निघालेला मोठा गट भेरूघाटात पाच-सहा किलोमीटर लांब पसरतो.

त्या टूरमध्ये माझ्या वाट्याला नेमकं हेच आलं. मी आणि दोन मुली मागे राहिलो. घाटाच्या मध्यावर पाण्याचा थांबा आहे असं सकाळी सांगितलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा तिथे फक्त रिकामे कागदी ग्लास पडले होते. पुढच्यांचं जेवण व्हायचं होतं म्हणून थांबा गुंडाळून गाडी वर निघून गेली होती. एका मुलीच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. माझ्या पिशवीत ओआरएसची दोन पाकिटं होती आणि रस्त्याच्या कामावरच्या मजुरांनी त्यांच्या माठातलं पाणी दिलं, म्हणून निभावलं. आयोजक वाईट नव्हते. त्यांनी दिवस आखला होता मधल्या वेगाच्या लोकांच्या हिशेबाने, आणि शेवटच्या माणसामागे चालणारा कोणी ठेवलाच नव्हता.

आमच्या सहा जणांत सगळ्यात हळू होते शेजारचे काका, वय ६२. त्यांच्या वेगाने दिवस आखला, म्हणून घाटात कोणी हरवलं नाही. मात्र याचीही किंमत मोजावी लागते. माझा भाचा पंचविशीचा, त्याला दर वळणावर थांबणं जड जायला लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळी महेश्वरला पोहे खाताना तो आणि काका एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. शेवटी वहिनींनी तोडगा काढला. दर १५ किलोमीटरवर भेटीचा थांबा आधीच ठरवायचा, ज्याला पळायचंय त्याने पळावं, पण थांब्यावर सगळे जमल्याशिवाय पुढे कोणी जायचं नाही. बडवाहपर्यंत दोघं पुन्हा हसत बोलायला लागले. छोट्या गटात असे ताण येतातच. मोठ्या टूरमध्ये माणूस नकोसा झाला तर दुसऱ्या घोळक्यात जाता येतं, सहा जणांत ती सोय नाही.

सायकल बिघडली तर

इथे आयोजकाची टूर निर्विवाद पुढे आहे. धारच्या अलीकडे माझ्या मागच्या चाकाची एक तार तुटली, चाक आउट होऊन ब्रेकला घासायला लागलं. टूरच्या मेकॅनिकने रस्त्याच्या कडेला सायकल उलटी करून तार बदलली, नाकाशी धरल्यासारखं चाक जवळून बघत बाकीच्या तारा थोड्या थोड्या कसल्या आणि पंधरा मिनिटांत मला वाटेला लावलं.

आमच्या गटात मेकॅनिक मीच. पंक्चर काढणं, चेन जोडणं, ब्रेकचे पॅड बदलणं एवढं येतं. मांडूहून उतरताना भाच्याची सायकल खडीवर घसरली आणि उजव्या बाजूवर पडली. त्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण मागच्या गिअरचा हँगर वाकला. हा अॅल्युमिनियमचा बोटभर तुकडा, फ्रेमला गिअर धरून ठेवणारा. तो मुद्दाम नाजूक करतात, म्हणजे पडल्यावर फ्रेमऐवजी तो वाकावा. अडचण अशी की प्रत्येक कंपनीचा, बहुतेकदा प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा. मी हाताने सरळ करायला गेले आणि तो तुटला. धामनोदच्या सायकलच्या दुकानात तो मिळण्याची शक्यताच नव्हती. मग चेनच्या कड्या काढून ती आखूड केली, गिअर बाजूला बांधून ठेवला आणि पोरगा एकाच गिअरवर महेश्वरपर्यंत आला. दुसऱ्या दिवशी तो बसने इंदूरला जाऊन हँगर घेऊन आला. आमचा पूर्ण एक दिवस गेला. महेश्वरचा घाट दोनदा बघायला मिळाला हे खरं, पण ओंकारेश्वरची खोली बदलून घेताना त्रास झाला. स्वतः जाणार असाल तर निघण्याआधी प्रत्येकाने आपल्याच सायकलचा हँगर घेऊन ठेवावा. वजन नगण्य, किंमतही फार नाही.

मुक्काम, खाणं, पैसे

आयोजकाची टूर आम्हाला जवळपास दुप्पट पडली. त्यात खोल्या, जेवण, गाडी, मेकॅनिक सगळं आलं, तेव्हा जास्त घेतले असं मी म्हणणार नाही. सामान गाडीत असतं, सायकल हलकी राहते. स्वतःच्या गटात प्रत्येकाच्या कॅरियरवर सात-आठ किलो असतं, आणि ते चढावर जाणवतं.

मुक्कामाला महेश्वर सोपं. ओंकारेश्वरला गजानन महाराज संस्थानाचं भक्तनिवास आहे, मराठी माणसाला तिथे घरच्यासारखं वाटतं. पण सोमवार, पौर्णिमा, सलग सुट्ट्या टाळा, गर्दीत खोलीही मिळत नाही आणि रस्त्यावर सायकलही चालवता येत नाही. बायकांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगते. मोठ्या टूरमध्ये थांबे ठरवताना स्वच्छतागृहाचा विचार केलेला असतो का, हे आधी विचारा. आमच्या गटात आम्ही दोघी असल्याने प्रत्येक थांबा पेट्रोल पंप किंवा धर्मशाळा बघूनच ठरवला होता.

जेवणाचं विशेष सांगण्यासारखं नाही. सकाळी शेव-जिरावण घातलेले पोहे कुठेही मिळतात.

मग कोणी काय निवडावं

एका दिवसात ८० किलोमीटर कधीच चालवले नसतील, पंक्चर काढता येत नसेल, तर पहिल्यांदा आयोजकाकडेच जा. फक्त पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या. शेवटच्या सायकलमागे कोण असतं? घाटातला पाण्याचा थांबा किती वाजेपर्यंत उघडा राहतो? दमलेल्याला सायकलसकट गाडीत घेता का, आणि तेव्हा गाडीत जागा असते का? उत्तर देताना समोरचा अडखळला तर दुसरा आयोजक बघा. आणि ब्रेव्हेची, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीची, तयारी म्हणून कोणी या फेरीकडे बघत असेल तर ते गणित वेगळं आहे. तिथे २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, वाटेत कोणाची मदत न घेता करायचे असतात. त्यासाठी चार दिवसांची आरामाची टूर उपयोगाची नाही.

स्वतःचा गट करायचा तर सहाच्या वर जाऊ नका. निघण्याआधी उज्जैनला जाऊन-येऊन एकदा सगळ्यांनी एकत्र चालवा, शंभरच्या थोडं वर होतं. कोण किती वेळाने चिडतं तेही त्यात कळतं. शिवाय भेरूघाटाच्या रस्त्यावर चौपदरीकरणाची, बोगद्यांची कामं चाललेली आम्ही पाहिली, तेव्हा निघण्याच्या आठवड्यात कोणाकडून तरी रस्त्याची खबर काढा. निमाडात, म्हणजे घाटाखालच्या या नर्मदाकाठच्या भागात, त्या दिवसांत कापसाने भरलेल्या गाड्या अर्ध्याहून जास्त रस्ता व्यापून चालतात, बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचलंच पाहिजे, गट कुठलाही असो.

मी स्वतः यापुढे छोट्या गटातच जाणार आहे, आणि याला कारण पैसे नाहीत. मंडलेश्वरच्या पुढे नर्मदा उजव्या हाताला ठेवून परिक्रमावासी चालत असतात. चाळीस जणांत होतो तेव्हा आम्ही 'नर्मदे हर' म्हणत हात हलवून पुढे निघून गेलो, मागून येणाऱ्यांची रांग थांबवणं शक्य नव्हतं. जानेवारीत आम्ही सहा जण उतरलो. सत्तरीच्या एक आजी होत्या, मराठवाड्याकडच्या, हातात काठी, खांद्याला झोळी. ओंकारेश्वरहून निघून दोन महिने झाले म्हणाल्या, आता परत तिकडेच चालल्या होत्या. त्यांनी काकांच्या हँडलवर हात ठेवून विचारलं, "तुम्ही कधी पोचणार रे ओंकारेश्वरला?"

"आज संध्याकाळी," काका म्हणाले.

आजींनी झोळीतून गुळाचा खडा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. काका पुढचे दोन-तीन किलोमीटर सायकल हातात धरून त्यांच्याबरोबर चालले, आणि आम्ही सगळेच चाललो.