रात्रीच्या अर्ध्या तासासाठी दोघांचा खेळ : क्वोरिडोर, ओनितामा की हाइव्ह?

सांगलीत कुणालाही विचारा, घरात दोघांनी खेळायला काय घेऊ, तर उत्तर बुद्धिबळ असंच येणार. त्यात नवल नाही. भाऊसाहेब पडसलगीकरांचं नूतन बुद्धिबळ मंडळ इथलं. महिलांचं राष्ट्रीय अजिंक्यपद पाच वेळा मिळवणाऱ्या भाग्यश्री साठे-ठिपसे इथल्या, बुद्धिबळपटू स्वाती घाटेही इथल्याच. इथल्या बऱ्याच घरांत कपाटावर एक पट असतोच, आणि घरातलं कुणी ना कुणी उन्हाळ्याच्या सुट्टीत स्पर्धा खेळून आलेलं असतं.

तरीही दुसऱ्या खेळाची गरज पडते, आणि त्याची कारणं दोन. पहिलं वेळेचं. जेवणं उरकून, ओटा आवरून नऊ वाजतात, सकाळची शाळा असते, हातात जेमतेम अर्धा तास. मन लावून खेळलेला बुद्धिबळाचा डाव तेवढ्यात संपत नाही, आणि अर्धवट मोडलेला डाव दुसऱ्या दिवशी कुणी पुढे खेळत नाही. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. चाळीस वर्षं खेळलेले आजोबा आणि आठ वर्षांची नात समोरासमोर बसले की खरा डाव होतच नाही. आजोबा पूर्ण ताकदीनं खेळले तर नात बाराव्या चालीला रडकुंडीला येते. त्यांनी मुद्दाम वजीर मारू दिला तर तिला ते लगेच कळतं, आणि तसं जिंकलेलं कुठल्याच मुलाला गोड लागत नाही.

म्हणून खेळ निवडताना मी आधी एकच गोष्ट विचारतो: पटाच्या दोन बाजूंना कोण कोण बसणार आहे, आणि त्यांच्या तयारीत अंतर किती? मोठ्याला हातचं न राखता खेळता आलं पाहिजे आणि लहानालाही जिंकायची खरी संधी राहिली पाहिजे. वीसेक मिनिटांत संपणारे आणि डोकं चालवायला लावणारे तीन खेळ याच कसोटीवर लावून बघू.

पहिला क्वोरिडोर. मिर्को मार्केझी यांचा हा खेळ फ्रान्सच्या गिगामिक कंपनीनं १९९७ मध्ये आणला. नऊ बाय नऊ घरांचा लाकडी पट, प्रत्येकाची एकच सोंगटी आणि प्रत्येकी दहा भिंती. सोंगटी आपल्या कडेच्या मधल्या घरात उभी राहते, आणि जो आधी समोरच्या कडेला पोचेल तो जिंकला. आपल्या पाळीला दोनपैकी एकच काम करता येतं: सोंगटी एक घर सरकवायची, नाहीतर घरांमधल्या खाचेत एक भिंत बसवायची. भिंत दोन घरं लांब असते, आणि एकदा बसली की उठत नाही. समोरच्याची वाट कितीही लांबवा, पण पूर्ण बंद करता येत नाही. एक तरी रस्ता उघडा ठेवावाच लागतो. दोन सोंगट्या समोरासमोर आल्या की उडी मारता येते. नियम एवढेच. चहा निवेपर्यंत समजावून होतात.

आता यातली खरी गंमत. मूल पहिल्यांदा खेळताना भिंत हमखास समोरच्या सोंगटीच्या अगदी नाकासमोर लावतं. मोठा माणूस एक घर बाजूला सरकतो आणि पुढे निघतो. म्हणजे त्याची वाट एकाच घरानं लांबली आणि लावणाऱ्याची एक पाळी गेली. हिशोब फिटला, पण भिंत मात्र खर्ची पडली. भिंत फायद्याची ठरायची तर तिनं समोरच्याचा रस्ता निदान दोन घरांनी वाढवला पाहिजे. सात-आठ वर्षांच्या मुलाला हे सांगावं लागत नाही. चार डाव झाले की ते बोटानं घरं मोजायला लागतं, आधी स्वतःची, मग समोरच्याची. पुढची पायरी बोळाची. आजोबांना दोन भिंतींच्या मधून खुशाल आत येऊ द्यायचं, पाच-सहा घरं चालू द्यायचं, आणि शेवटच्या तोंडाशी भिंत बसवून म्हणायचं, “आजोबा, आता फिरा मागं!” ही चाल ज्या दिवशी जमते, त्या दिवशी मूल झोपायला तयार नसतं.

माझ्या कसोटीवर क्वोरिडोर सगळ्यात पुढे राहतो तो भिंतींच्या संख्येमुळे. मोठ्यानं दहाऐवजी सहा भिंती घ्यायच्या, लहानानं पूर्ण दहा. आता आजोबांनी सगळं कौशल्य पणाला लावलं तरी चालतं, नव्हे, लावावंच लागतं. घरचा एक नियम मी सगळ्यांना सुचवतो: जो जिंकेल त्याची पुढच्या डावाला एक भिंत कमी. पाच-सहा डावांत आकडा आपोआप अशा जागी येतो की निकाल कुणालाच आधी सांगता येत नाही. बुद्धिबळातही वजीर किंवा हत्ती काढून खेळतात, पण तिथे खेळाचं रूपच बदलतं आणि मुलाला ते उपकारासारखं वाटतं. इथे भिंती कमी-जास्त झाल्या तरी खेळ तोच राहतो.

उणी बाजूही आहे. दोघंही सारख्या तोडीचे आणि सावध असतील तर मधल्या टप्प्यात डाव नुसता मोजणीचा होतो. भिंती संपल्या की पुढे कोण जिंकणार हे दोघांनाही दिसत असतं आणि उरलेल्या चाली निव्वळ चालून संपवायच्या राहतात. अशा वेळी तिथेच थांबून नवा डाव मांडावा. चौघांनीही खेळता येतो, तेव्हा भिंती प्रत्येकी पाच मिळतात, पण तो गोंधळाचा, हसण्याखिदळण्याचा खेळ होतो. त्यासाठी म्हणून घेऊ नका.

दुसरा ओनितामा, शिम्पेई सातो या जपानी रचनाकाराचा, २०१४ चा. पाच बाय पाच घरांचा छोटा पट, दोन्हीकडे एक गुरू आणि चार शिष्य. पाहताक्षणी हे छोटं बुद्धिबळच वाटतं, पण इथे कुठल्याही मोहऱ्याची चाल ठरलेली नसते. चाली पत्त्यांवर छापलेल्या असतात आणि त्यांना वाघ, खेकडा, हत्ती, बेडूक, कोंबडा अशी नावं आहेत. सोळा पत्त्यांतले पाचच एका डावाला लागतात: दोन तुमच्यासमोर, दोन समोरच्याकडे, एक मध्ये. पत्ता वापरून चाल केली की तो मध्ये ठेवायचा आणि मधला पत्ता आपण घ्यायचा. समोरचा त्याची चाल खेळला की तुमचा पत्ता उचलतो. समोरच्याचा गुरू मारा किंवा आपला गुरू त्याच्या गुरूच्या मूळ जागेवर नेऊन बसवा, डाव तुमचा.

सगळे पत्ते उघडे असतात, त्यामुळे नशिबाचा भाग सुरुवातीच्या वाटपापुरताच. सोळातून पाच पत्ते ४,३६८ प्रकारे निघू शकतात, तेव्हा कालचा डाव आज पुन्हा येईल ही शक्यता सोडून द्या. पाठांतराचा इथे उपयोग नाही, आणि बुद्धिबळाच्या घरात हा मोठाच फायदा आहे. क्लासला जाणाऱ्या दादाची सुरुवातीच्या चालींची सगळी तयारी बाजूला राहते आणि धाकटी बहीण त्याच्याइतकीच कोरी पाटी घेऊन बसते.

वाघाचा पत्ता घ्या. तो थेट दोन घरं पुढे उडी मारू देतो, किंवा एक घर मागे. पाच घरांच्या पटावर दोन घरांची उडी म्हणजे निम्मं अंतर. साहजिकच हातात वाघ आला की तो वापरायचा मोह होतो. पण वापरला की तो समोरच्याकडे जाणार आणि त्याच्या पुढच्या पाळीला तुमच्या गुरूवर झेप घेणार. म्हणून कित्येक डावांत वाघ एकाच्या समोर नुसता पडून असतो, दोघंही त्याच्याकडे बघत दुसऱ्या पत्त्यानं वेळ काढतात, आणि ज्याच्याकडे तो आहे त्याचा दुसरा पत्ता अडला की सगळं फुटतं. स्वतःचं हत्यार वापरलं की ते समोरच्याला मिळतं, हा विचार मुलांच्या डोक्यात एकदा बसला की ती कमालीची शांत होऊन खेळतात. मला या तिन्हींत रचना म्हणून ओनितामाच सगळ्यात देखणा वाटतो.

अडचण समोरच्याचे पत्ते वाचण्यात येते. ते तुमच्या बाजूनं उलटे दिसतात आणि चाल मनातल्या मनात फिरवून बघावी लागते. दहाच्या खालच्या बऱ्याच मुलांना हे जड जातं, ती फक्त आपले दोन पत्ते बघून खेळतात आणि “हे कुठून आलं?” म्हणत गुरू गमावतात. उपाय सोपा आहे: पहिले काही दिवस, चाल करण्याआधी मोठ्या माणसानं बोटानं दाखवायचं की माझे पत्ते कुठंकुठं पोचतात. ताकद सारखी करायला मोठ्यानं एक शिष्य कमी घेऊन बघावं, पण क्वोरिडोरच्या भिंतींसारखी एकेकानं कमी-जास्त करायची सोय इथे नाही. मुलगा किंवा मुलगी दहा-अकराची असेल, किंवा दोन भावंडांत दोन-तीन वर्षांचंच अंतर असेल, तर मात्र मी क्वोरिडोरच्या आधी हा घेईन. ओनितामाचा डावही तिन्हींत सगळ्यात आटोपशीर. पंधरा मिनिटांत दोनदा खेळून होतं.

तिसरा हाइव्ह, जॉन यियानी यांचा, २००१ चा. याला पटच नाही. दोघांकडे अकरा-अकरा जाड षटकोनी सोंगट्या: एक राणीमाशी, दोन कोळी, दोन भुंगे, तीन नाकतोडे, तीन मुंग्या. त्या एकमेकींना चिकटवत जायचं आणि समोरच्याच्या राणीमाशीला सहाही बाजूंनी घेरायचं. नाकतोडा सरळ रेषेत सोंगट्यांवरून उडी मारतो, मुंगी बाहेरच्या कडेनं हवी तिथे जाते, भुंगा दुसऱ्याच्या डोक्यावर चढून बसतो. मुलांना हे सगळं ऐकूनच आवडतं.

खेळायला बसल्यावर कळतं की तिन्हींत हाच सगळ्यात कठीण आहे. सोंगट्यांचं पोळं कधीही दोन तुकड्यांत तुटता कामा नये, असा नियम आहे. त्यामुळे ऐन वेळी जी मुंगी हलवायची ती नेमकी दोन भागांना जोडणारी निघते आणि जागची हलत नाही. मुरलेला खेळाडू समोरच्याच्या सोंगट्या अशाच एकेक करून अडकवत जातो. नवख्याला आपण हरतोय हे कळतं, का हरतोय ते कळत नाही, आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा त्यात हिरमोड होतो. ताकद सारखी करायचा सरळ मार्गही मला यात दिसत नाही. तेव्हा आजोबा आणि नात या जोडीसाठी हाइव्ह घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नवरा-बायको, कॉलेजला जाणारी भावंडं, बुद्धिबळाची सवय असलेले दोन मित्र यांच्यासाठी मात्र हा वर्षानुवर्षं पुरतो. प्रवासातही याला तोड नाही. पट नको, सोंगट्या वजनदार, सोबत पिशवी. कोयना एक्स्प्रेसनं मुंबईला निघालात तर खिडकीजवळच्या सीटवर मधल्या जागेत मांडता येतो आणि मिरज सोडल्यापासून पुण्यापर्यंत कितीही डाव होतात. घ्यायचाच तर छोटी पॉकेट आवृत्ती बघा. तिच्यात डास आणि लेडीबग या दोन जादा सोंगट्याही येतात.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. सँटोरिनीत दोन-दोन गवंडी पाच बाय पाचच्या पटावर मजले चढवत जातात आणि जो तिसऱ्या मजल्यावर आधी पाऊल ठेवेल तो जिंकतो. दिसायला सुंदर, नियम सोपे, आणि खास ताकद देणारे देवांचे पत्ते फक्त लहानाला दिले की ताकदही सारखी होते. क्वोरिडोर आवडलेल्या घरानं दुसरा खेळ म्हणून हाच घ्यावा. फक्त खोका मोठा आहे. क्वार्टोत समोरच्यानं निवडून दिलेली सोंगटी तुम्हाला मांडावी लागते. कल्पना भन्नाट, पण निकाल बहुतेकदा कुणाच्या तरी दुर्लक्षावर लागतो. उभ्या जाळीत वरून सोंगट्या टाकून चार एका रेषेत आणायचा कनेक्ट फोर खेळण्यांच्या दुकानात सहज मिळतो आणि पाच-सहा वर्षांच्या मुलांना तो पुरे. मात्र पहिला खेळणारा मधल्या रकान्यातून सुरुवात करून बिनचूक खेळला तर जिंकतोच, हे १९८८ मध्येच सिद्ध झालंय, त्यामुळे मोठ्यांना फार दिवस धरून ठेवत नाही.

आणि पैसे न घालता खेळायचं तर नवकंकरी आहेच. एकात एक तीन चौकोन, चोवीस ठिकाणं, प्रत्येकी नऊ खडे, तीन एका रेषेत आले की समोरच्याचा एक खडा उचलायचा. महाराष्ट्रात जुन्या देवळांच्या फरशीवर हा पट कोरलेला सापडतो. आजीला कदाचित अजून आठवत असेल; तिलाच शिकवायला सांगा. अचूक खेळलं तर डाव बरोबरीत सुटतो हे खरं, पण घरात एवढं अचूक कोण खेळतंय? वाघ-बकरीही अशीच फुकटची, आणि तिच्यात दोन बाजूंची ताकद मुळातच वेगळी असल्यामुळे लहानाला हवी ती बाजू देता येते.

तर पहिली खरेदी कुठली? घरात सहा ते नऊ वर्षांचं मूल आणि मोठी माणसं असतील तर क्वोरिडोर, डोळे झाकून. मुलांसाठीची वेगळी लहान आवृत्ती मिळते, पण तिच्या वाटेला जाऊ नका. मोठाच पट घ्या आणि भिंती कमी-जास्त करा, दोन वर्षांत मूल लहान आवृत्तीच्या पुढे गेलेलं असतं. मूल दहाच्या पुढचं असेल तर ओनितामा. खेळणारे दोघंही मोठे असतील तर हाइव्ह.

हे खेळ आपल्याकडच्या दुकानांत सहसा दिसत नाहीत, ऑनलाइन मागवावे लागतात आणि परदेशी आवृत्त्या महाग पडतात. म्हणून क्वोरिडोर आधी घरी करून बघा. वहीच्या जाड पुठ्ठ्यावर नऊ बाय नऊ घरं आखायची, घरांमध्ये काडी मावेल एवढी फट सोडायची, आइस्क्रीमच्या काड्या दोन घरांच्या मापानं कापायच्या, सोंगट्यांना दोन रंगांची बटणं. मुलांना आखायला लावा, त्यातच एक संध्याकाळ छान जाते. पुठ्ठ्यावर काड्या धक्क्यानं सरकतात, आणि भिंत नक्की कुठे होती यावरून वाद होतो. रोज रात्री तो वाद व्हायला लागला की खाचांचा लाकडी पट मागवायला हरकत नाही.