ब्रिटनमधली ब्रॉडबँड-टीव्हीची दरवाढ: टक्केवारी की ठरलेले पौंड?

17 जानेवारी 2025 पूर्वीच्या बऱ्याच करारांत दरवाढ 'डिसेंबरची महागाई अधिक 3.9 टक्के' अशी असे. महागाई 10.5 टक्के असताना एप्रिल 2023 मध्ये वाढ झाली 14.4 टक्के, म्हणजे 30 पौंडांवर 4.32 पौंड. सही करताना हा आकडा कुणालाच ठाऊक नसे.

त्या तारखेपासूनच्या नव्या करारांत ऑफकॉमच्या (ब्रिटनच्या दूरसंचार नियामक संस्थेच्या) नियमानुसार वाढ पौंड-पेन्समध्ये आणि तारखेसह आधीच सांगावी लागते. पण 'ठरलेली' म्हणजे कमी नव्हे! महिना 3 पौंडांची वाढ 60 पौंडांच्या टीव्हीसह पॅकेजला 5 टक्के पडते, 25 पौंडांच्या साध्या ब्रॉडबँडला 12 टक्के. एप्रिल 2025 मध्ये जुनं सूत्र 6.4 टक्क्यांवर होतं. स्वस्त पॅकेजवाल्याला तेव्हा तेच परवडलं असतं.

तरीही नवा प्रकारच बरा, कारण एकूण खर्च आधी मांडता येतो. वाढ एप्रिलमध्ये होत असेल तर 18 महिन्यांचा करार मे महिन्यात घ्या, एकच वाढ लागेल. फेब्रुवारीत घेतलात तर दोन.

करारात लिहिलेली वाढ झाली म्हणून दंडाविना बाहेर पडता येत नाही, दोन्ही प्रकारांत. न लिहिलेली वाढ लादली, तर मात्र येतं.