ईएसईएससी सिम्युलेटर: काही महिन्यांच्या वापरानंतर, विशेषतः रिपोर्टमधल्या आकड्यांबद्दल

ईएसईएससी म्हणजे प्रोसेसरचं डिझाइन सॉफ्टवेअरमध्येच चालवून बघायचा सिम्युलेटर. साध्या लॅपटॉपवर मोठा बेंचमार्क (वेग मोजायचा चाचणी-प्रोग्राम) चालवायचा असेल तर तो उत्तम. वेगाबद्दल तक्रार नाही. डोकं खातो तो रिपोर्ट.

सोलापुरातल्या प्रोजेक्टवाल्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला: प्रोग्रामने एवढ्या इन्स्ट्रक्शन चालवल्या, मग रिपोर्टमधल्या काउंटरमध्ये इतक्या कमी का? बग नाही. ईएसईएससी सगळा प्रोग्राम मोजत नाही, मधूनमधून नमुने घेतो, आणि त्यासाठी त्याचे चार मोड आहेत. रॅबिटमध्ये प्रोग्राम नुसता पळतो, वॉर्मअपमध्ये कॅश (प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी) आणि ब्रँच प्रेडिक्टर (प्रोग्राम पुढे कुठे वळेल याचा अंदाज बांधणारा भाग) तापतात, म्हणजे कामाच्या माहितीने भरतात, डीटेलमध्ये पाइपलाइन (इन्स्ट्रक्शन टप्प्याटप्प्याने पुढे नेणारी रांग) भरते आणि मोजणी होते फक्त टायमिंगमध्ये. चादरीच्या एका इंचात ४० धागे मोजले म्हणून अख्ख्या ताग्यात ४०च धागे, असं कुणी विणकर म्हणणार नाही. म्हणून कच्चे काउंटर रिपोर्टात छापू नका. गुणोत्तरं घ्या, आणि मिस (हवा तो डेटा कॅशमध्ये न सापडणं) व इन्स्ट्रक्शन दोन्ही टायमिंगमधल्याच धरा.

सगळ्यात जास्त घोळ आयपीसीच्या (घड्याळाच्या एका सायकलमध्ये होणाऱ्या इन्स्ट्रक्शनच्या) सरासरीत होतो. हजार-हजार इन्स्ट्रक्शनचे दोन नमुने, एकाचा आयपीसी २, दुसऱ्याचा ०.५. सरळ सरासरी १.२५ येते. पण सायकल लागल्या ५०० अधिक २०००, म्हणजे खरा आयपीसी ०.८. नमुने इन्स्ट्रक्शन मोजून घेतले असतील तर सीपीआयची (एका इन्स्ट्रक्शनला लागणाऱ्या सायकलची) सरासरी काढा आणि शेवटी उलटी करा.

दुसरी खोड वॉर्मअपची. ८ एमबी कॅशमध्ये ६४ बाइटच्या १,३१,०७२ लाइन (कप्पे) असतात. लाखभर इन्स्ट्रक्शनच्या वॉर्मअपने ती भरत नाही, मग थंड कॅशचे मिस डिझाइनच्या नावावर जमा होतात. वॉर्मअप दुप्पट करून बघा. एलएलसीचा (शेवटच्या पातळीच्या कॅशचा) मिस रेट उतरला तर आधीचा आकडा फेकून द्या.

नमुने किती? सीपीआयचं प्रमाण विचलन सरासरीइतकंच असेल, तर ९९.७ टक्के विश्वासाने ±३ टक्क्यांत यायला (३ × १ ÷ ०.०३)², म्हणजे १०,००० नमुने लागतात. पन्नास नमुन्यांवर 'दोन टक्के सुधारणा' म्हणणं धाडसाचंच. त्यातही थंड कॅशची चूक नमुने वाढवून जात नाही, ती प्रत्येक नमुन्यात असते.

मे महिन्यात लॅपटॉप तापून मंदावतो आणि रन लांबतो. तो वेळ तुमच्या मशीनचा. एकाच थ्रेडच्या प्रोग्रामच्या सिम्युलेटेड सायकल त्याने वाढत नाहीत. दोन डिझाइनची तुलना करताना चारही मोडच्या इन्स्ट्रक्शन-संख्या दोन्ही रनमध्ये अगदी सारख्या ठेवा.