पॅड, कापड की कप? शाळकरी मुलीसाठी काय निवडाल

मुलगी सहावी-सातवीत गेली की पाळीत काय वापरायचं हा प्रश्न येतोच, आणि बहुतेक घरांत त्याचं उत्तर मेडिकलवाला काळ्या पिशवीत बांधून देतो. मी म्हणेन, आधी तिची शाळा आणि घरातली वाळत घालायची दोरी बघा.

घरचं जुनं सुती कापड मुळात वाईट नाही. घोळ वाळवण्यात आहे. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की नागपूरच्या गच्चीवर कापड बघता बघता कडक होतं. पण ते गच्चीवर जातं कुठे? कूलरच्या मागे, नाहीतर टॉवेलखाली, कोणाला दिसू नये म्हणून. तिथे ओल धरते, पावसाळ्यात तर वासही येतो. अर्धवट वाळलेल्या कापडाने खाज, पुरळ सुरू होते. उघड्या उन्हात वाळवायची तयारी असेल तरच कापड वापरा.

कापडी पॅडलाही हीच अट. ते शिवलेलं असतं, बटणाने जागेवर राहतं आणि नीट धुतलं तर दोन-तीन वर्षं टिकतं. आधी थंड पाण्यात भिजवा. गरम पाण्याने डाग पक्का बसतो.

शाळेच्या दिवसांत मात्र बाजारच्या पॅडला तोड नाही. २०१८ मध्ये त्यावरचा जीएसटी उठला. जनऔषधी केंद्रात 'सुविधा' पॅड १ रुपयाला मिळतं, म्हणजे पाच दिवस रोज चार धरले तरी २० रुपयांत भागतं. मोठ्या कंपन्यांचं त्याच्या कितीतरी पट जातं. फक्त एक हिशेब बायका विसरतात: पॅड कमी भरलेलं असलं तरी चार ते सहा तासांनी बदलायचं असतं. अकरा ते पाच शाळा, वर ऑटोतला वेळ, म्हणजे एकदा शाळेतच बदलावं लागणार. तेव्हा पालकसभेत गुणांआधी विचारा, मुलींच्या संडासाला कडी आहे का, नळाला पाणी आहे का, झाकणाचा डबा आहे का. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून वेगळं द्यायचं, संडासात टाकायचं नाही. त्यात प्लास्टिक असतं. ते कुजत नाही, पाइप मात्र तुंबवतं.

कप म्हणजे पाळीत योनीत बसवायचा, रक्त साठवणारा छोटा मऊ कप. तो वर्षानुवर्षं चालतो, एका वेळी जास्तीत जास्त १२ तास ठेवता येतो, दर पाळीनंतर उकळावा लागतो. किशोरवयात चालत नाही असं नाही, पण तिची स्वतःची इच्छा हवी. पहिल्याच वर्षी आग्रह नको.

माझी पसंती म्हणाल तर शाळेला पॅड, सुटीत घरी कापडी पॅड. दप्तरात दोन जास्तीचे आणि एक चड्डी असू द्या, कारण पहिली एक-दोन वर्षं तारीख मागेपुढे होते. पाळी २१ ते ४५ दिवसांत आली तर घाबरू नका. पण तासाभरात पॅड भिजत असेल किंवा रक्तस्राव सात दिवसांपुढे गेला, तर डॉक्टरांकडे न्या.