व्यायामाला स्टीलची चेन की सिलिकॉनचा पट्टा?

दिसण्याचा वाद नको. स्मार्टवॉचला स्टीलची चेनच शोभते, हे मलाही मान्य. प्रश्न घाम येतो तेव्हाचा आहे. माझ्याकडे दोन्ही आहेत आणि नाशिकमधला कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक, पांडवलेणीच्या पायऱ्या, जिम अशा सगळीकडे दोन्ही घालून झालं आहे.

वजनाचा लोक फार बाऊ करतात. चालताना मला तरी ते जाणवत नाही. केस अडकणं चेनच्या घडणीवर आहे. कड्या नीट बसलेल्या असतील तर त्रास कमी. पुशअप्सना मात्र लॉक मनगटाच्या आतल्या बाजूला रुततं, आणि केटलबेल उचलताना चेनवर ओरखडे ठरलेलेच.

माझ्यापुरता निकाल लागला तो मापावर. एक कडी काढली तर चेन घट्ट, ठेवली तर सैल. काही लॉकमध्ये बारीक माप सरकवता येतं, पण त्याला बहुतेकदा टाचणी लागते. आणि मनगट कुठे एका मापाचं राहतं? जानेवारीतल्या पहाटे, नाशिकच्या थंडीत हात आखडलेला असतो, तेव्हा चेन घसरून हाडावर येते. धावून अंग तापलं की तेच मनगट फुगतं आणि कड्यांचे वळ उठतात. सिलिकॉनचा पट्टा धावता धावता एक भोक मागेपुढे केला की झालं.

हा निव्वळ सोयीचा मुद्दा नाही. घड्याळ हिरवा प्रकाश कातडीवर टाकून ठोके मोजतं, म्हणून ते मनगटाच्या हाडाच्या थोडं वर, टेकून बसावं लागतं. सैल झालं की बाहेरचा उजेड आत शिरतो, घड्याळ हलतं, आणि कधी कधी तर पावलांचीच लय ठोके म्हणून मोजली जाते. पांडवलेणी चढताना छाती धडधडतेय आणि घड्याळ निवांत आकडा दाखवतंय, हा प्रकार मला चेनवर वरचेवर दिसला, सिलिकॉनवर क्वचित. तुमच्या मनगटावर चेन नेमकी बसत असेल तर तुमचा अनुभव वेगळाही असेल.

लोहचुंबकाची जाळीदार चेन मधला मार्ग म्हणून वाईट नाही. माप हवं तिथे थांबतं. फक्त जोरात झटका बसला की चुंबक सरकतो, त्यामुळे योगासनं आणि फिरणं इतपत ठीक.

सिलिकॉनचेही नखरे आहेत. पावसाळ्यात पट्ट्याखालचा घाम वाळत नाही, पुरळ येतं. धुवून, कोरडा करूनच परत घालावा. चेनच्या कड्यांत घामाचा मळ साचतो, तो जुन्या टूथब्रशने निघतो. पण घड्याळांत सर्रास वापरलं जाणारं ३१६ एल स्टील घेतलं तर त्यात साधारण १० ते १४ टक्के निकेल असतं. खोट्या दागिन्यांतल्या निकेलने ज्यांना खाज येते, त्यांनी घामात चेन जपूनच घालावी.

व्यायाम म्हणजे रोजचं फिरणं एवढाच असेल, तर आहे ती चेन राहू द्या. धावणं किंवा वजनं असतील तर मी सिलिकॉनकडे झुकेन आणि चेन ऑफिसला, लग्नकार्याला ठेवेन. फक्त चेन घेताना ती नुसत्या बोटाने निघते-बसते का, हे दुकानातच करून पाहा. अवजार लागणारी चेन एकदा काढली की परत बसवायचा कंटाळा येतो. माझी कपाटातच आहे.